दाढीनंतर गळ्यावर येणाऱ्या पुटकुळ्या: त्या येऊच नयेत म्हणून दाढी कशी करावी

दाढी करून दोन दिवस झाले की गळ्यावरून हात फिरवताना बोटांना खडे लागतात. आरशात पाहावं तर कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना आणि जबड्याखाली लालसर पुटकुळ्या. काहींच्या टोकाला पू, काहींच्या मधोमध बारीक काळा ठिपका. मग आपण ब्लेडला दोष देतो, नवं ब्लेड लावतो, जास्त नेटाने दाढी करतो आणि पुढच्या दोन दिवसांत पीक दुप्पट. मी हे चक्र कॉलेजपासून तिशीपर्यंत फिरवलं. दर वेळी उपाय एकच करायचो, आणखी गुळगुळीत दाढी. दुखणं त्या गुळगुळीतपणातच होतं, हे कळायला बराच काळ गेला.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्या चेहऱ्यावर अशा पुटकुळ्या येतात त्यांनी 'हात फिरवला तर काहीच लागू नये' अशी दाढी करायची नाही. अर्धा मिलिमीटर खुंट राहू द्यायचा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं हा अर्धा मिलिमीटर कसा राखायचा याबद्दलच आहे.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

दाढीनंतर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा चरचरतो, लाल होतो, आग होते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप शांत होतो. हा त्वचेचा वरचा थर खरवडला गेल्याचा परिणाम. कोरडी दाढी, बोथट पातं किंवा जास्त दाब ही त्याची कारणं, आणि ती सुधारली की त्रास थांबतो.

पुटकुळ्यांचं गणित वेगळं आहे. त्या लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात, कारण त्यासाठी केस वाढावा लागतो. दाढीचा केस दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो. पात्याने तिरका कापलेला केस म्हणजे धारदार टोकाचा भाला. केस सरळ असेल तर तो बाहेर येतो आणि विषय संपतो. कुरळा असेल तर बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या कातडीत घुसतो. दुसरा प्रकार आणखी वाईट. केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापला गेला असेल तर तो बाहेर यायच्या आधी आतल्या आत केसपुटाची, म्हणजे केस जिथून उगवतो त्या त्वचेतल्या नळीची, भिंत भेदतो. दोन्ही वेळा शरीराला वाटतं काटा घुसला, आणि काट्याशी जसं वागावं तसंच ते केसाशी वागतं: सूज, लाली, कधी पू. त्वचारोगतज्ज्ञ याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. नावातला 'स्यूडो', म्हणजे 'खोटा', महत्त्वाचा आहे. दिसायला हा जंतुसंसर्ग वाटतो, पण मुळात तो जंतूंचा आजार नाही. म्हणूनच जंतुनाशक लोशन चोपडून तो बरा होत नाही.

घट्ट कुरळे केस असणाऱ्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांमध्ये तो अतिशय सर्रास आढळतो. पण डोक्यावरचे केस सरळ असूनही गळ्यावरचे वळणदार असू शकतात, त्यामुळे 'माझे केस कुठे कुरळे आहेत' म्हणून सुटका नाही.

आणखी दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. प्रत्येक फोडाच्या मधोमध केस उभा आहे, फोड पिवळ्या पुवाचे आहेत, दुखतात आणि भराभर पसरतात, तर केसपुटांना खरोखरच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आणि एकाच बाजूला खाजरा, खपल्यांचा चट्टा आहे, त्यातले केस ओढताच सहज निघून येतात, तर बुरशीची शंका घ्यावी. या दोन्ही बाबतींत दाढीची पद्धत बदलून भागणार नाही, डॉक्टर गाठा.

सध्या पुटकुळ्या असतील तर पहिली पायरी: थांबा

जखमेवरून रेझर फिरवत राहून जखम बरी होत नाही. तीन ते चार आठवडे पात्याची दाढी पूर्ण बंद. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण याला पर्याय नाही. पहिल्या आठवड्यात पुटकुळ्या उलट वाढल्यासारख्या वाटतील, कारण आधी कापलेले केस अजून आत घुसतच असतात. तिथे धीर सोडू नका. केस सेंटीमीटरभर वाढला की त्याच्यातच स्प्रिंगसारखी ताकद येते आणि तो स्वतःहून कातडीतून सुटतो.

या काळात ट्रिमर चालतो, पण गार्ड लावून, निदान एक मिलिमीटर केस ठेवून. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटं त्या जागी ठेवा. कोमट म्हणजे कोमट, चटका बसेल इतका गरम नाही. नोकरीत रोज दाढी केलीच पाहिजे असा नियम असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या. हा वैद्यकीय त्रास आहे, तशी चिठ्ठी मागण्यात संकोच नको.

दुसरी पायरी: चेहऱ्याचा नकाशा काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग बाकीचं सगळं नीट करूनही फसतात.

दोन-तीन दिवसांची दाढी असताना बोटांची टोकं चेहऱ्यावरून चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने हात मऊ सरकतो ती केसांची सुलट दिशा, जिथे खरखर लागते ती उलट. गालांवर आणि कल्ल्यांखाली केस बहुधा खाली वाढतात. गळ्यावर मात्र कसलाही भरवसा नाही. कुणाचे खालून वर, कुणाचे आडवे कानाकडे. अनेकांच्या जबड्याखाली, कंठमण्याच्या बाजूला भोवरा असतो, जिथे दोन बोटांच्या अंतरात दिशा बदलते. पुटकुळ्या नेमक्या तिथेच का येतात, हे मला या तपासणीनंतर उमगलं. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस खालून वर वाढतात आणि मी वर्षानुवर्षं तिथे वरून खाली रेझर ओढत होतो. सुलट समजून उलटी दाढी!

कागदावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून बाण मारून ठेवा. चित्र कसंही आलं तरी चालेल, पहिले आठ-दहा दिवस आरशाशेजारी चिकटवलेलं असलं म्हणजे झालं. नंतर हाताला सवय होते.

तिसरी पायरी: हत्यार बदला

बदलता येणारं पातं असलेला सेफ्टी रेझर जिलेटने 1903 मध्ये बाजारात आणला. त्याच कंपनीने 1971 मध्ये दोन पात्यांचा ट्रॅक टू आणला, आणि पुढे पात्यांची संख्या तीन, चार, पाच अशी वाढत गेली. या पात्यांमागची कल्पना हुशारीची आहे. पहिलं पातं केसाला पकडून थोडं वर ओढतं, तो परत आत सरकायच्या आधी दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. मग उरलेला तुकडा त्वचेच्या खाली जातो. गाल लोण्यासारखा मऊ लागतो तो याचमुळे, आणि कुरळ्या केसांना आतल्या आत भिंत भेदायची संधी मिळते तीही याचमुळे. शिवाय पाच पात्यांचा एक फटका म्हणजे त्वचेवरून पाच वेळा घासणं.

माझ्या मते त्रास असणाऱ्याने सगळ्यात आधी ट्रिमरकडे जावं. गार्डशिवायचा चांगला ट्रिमर अर्धा ते एक मिलिमीटर केस ठेवतो. समोरच्याला तुम्ही सकाळी दाढी केलेली दिसता, केसाचं टोक मात्र त्वचेच्या वरच राहतं. ट्रिमरचं पातं कातडीत रुतवू नका, अलगद टेकवा. खूप जणांचा प्रश्न इथेच संपतो आणि पुढचा अर्धा लेख वाचायची गरज उरत नाही.

ट्रिमरची दाढी अपुरी वाटत असेल तर एक पात्याचा सेफ्टी रेझर. तो त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरायचा आणि रेझरचं वजन हाच दाब समजायचा. काही एकपाती रेझरच्या पात्यावर बारीक जाळीसारखं कवच असतं, ते पात्याला त्वचेत खोल जाऊ देत नाही. असा मिळाला तर उत्तम. इलेक्ट्रिक शेव्हर वापरत असाल तर सगळ्यात जवळून कापणारी सेटिंग टाळा आणि तो चेहऱ्यावर दाबू नका.

चौथी पायरी: भिजू द्या

सुका केस चिवट असतो. पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं तरी हवीत. तोंडावर पाण्याचा हबका मारून लगेच क्रीम लावणं म्हणजे कोरडीच दाढी. आंघोळीनंतर दाढी करा, हा सगळ्यात सोपा मार्ग. आंघोळ आधी शक्य नसेल तर कोमट ओला रुमाल चेहऱ्यावर तीन मिनिटं ठेवा.

सौम्य फेसवॉशने तेल आणि मळ काढा. मग ओल्या मऊ कापडाने गळ्यावरून हलकेच गोलाकार फिरवा. खुंट उभे राहतात, मृत त्वचा निघते आणि आत वळू पाहणाऱ्या एखाद्या केसाचं टोक सुटतं. दाणेदार स्क्रब नको, तो आधीच चिडलेल्या त्वचेला आणखी ओरबाडतो.

शेव्हिंग क्रीम किंवा जेल शक्यतो बिनवासाचं. ब्रश असेल तर त्याने गोल गोल फेस करा, नसेल तर बोटांनी केसांच्या उलट दिशेने एकदा चोळून घ्या म्हणजे केस क्रीममध्ये उभे राहतात. लावल्यावर आणखी एक-दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात दात घासून होतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दाढी

कातडी ताणू नका. आपण सगळे हे पाहूनच शिकलो आहोत: डाव्या हाताने गाल ओढायचा, मान उंच करायची आणि ताठ झालेल्या कातडीवरून पातं फिरवायचं. ताणल्यावर केस केसपुटातून थोडा बाहेर येतो, तिथे कापला जातो, आणि कातडी सोडली की कापलेलं टोक आत जातं. पाच पात्यांचं काम तुम्ही एका पात्यानेच केलंत. गळ्यावर सुरकुती पडून कापलं जाईल अशी भीती असेल तर मान किंचित वर करा, तेवढा ताण पुरतो.

फटके छोटे, दोन-तीन सेंटीमीटरचे, नकाशातल्या बाणांच्या दिशेने. प्रत्येक फटक्यानंतर, फार तर दोन फटक्यांनंतर पातं पाण्यात खळबळा. केस आणि क्रीमचा लगदा अडकला की पातं कापायचं सोडून ओढायला लागतं आणि आपण नकळत दाब वाढवतो. खसखस आवाज येत राहिला तर ठीक. आवाज बंद होऊन ओढ जाणवली की थांबा.

क्रम असा ठेवा: आधी कल्ले आणि गाल, मग गळा, शेवटी हनुवटी आणि ओठांवरचा भाग. हनुवटीचे केस सगळ्यात राठ असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळतो.

एका जागी एकच हात. फेस निघून गेलेल्या जागेवरून पुन्हा पातं फिरवायचं नाही, 'एवढंसं राहिलंय' म्हणूनसुद्धा. दुसरा हात हवाच असेल तर परत क्रीम लावा आणि तोही सुलट, फार तर गालांवर आडवा. उलटा हात कुठेच नाही. गळ्यावर तर दुसरा हातही नको, तिथे पहिल्यावर समाधान माना.

भोवऱ्याच्या जागी दिशा सापडतच नसेल तर तेवढी जागा ट्रिमरने करा. अर्धा चेहरा रेझरने आणि गळा ट्रिमरने, ही मिश्र पद्धत मी आज वापरतो. आजवर कुणाला फरक कळलेला नाही.

दाढी झाल्यावर

गार पाण्याने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका. अल्कोहोलचं, झोंबणारं आफ्टरशेव्ह बाजूला ठेवा. झोंबणं म्हणजे काम करणं ही समजूत फार चिवट आहे, पण त्याने त्वचा कोरडी पडते आणि चिडते. तुरटी लहान कापल्यावरचं रक्त थांबवायला चांगली, मात्र रोज सगळ्या चेहऱ्यावरून फिरवली तर तीही त्वचा कोरडी करते. कापलं असेल तेवढ्याच जागी लावा. मग बिनवासाचं, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं मॉइश्चरायझर. बाहेर पडायचं असेल तर त्यावर निदान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, कारण पुटकुळ्या बसल्यावर उरणारे काळे डाग उन्हाने गडद होतात आणि महिनोन्‌महिने राहतात.

घट्ट कॉलरकडेही लक्ष द्या. दाढी केलेल्या दिवशी गळ्यावर सतत घासणारी कडक कॉलर पुटकुळ्यांना खतपाणी घालते.

पातं पाच ते सात दाढ्यांनंतर बदला, राठ केस असतील तर त्याआधीच. धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवा, आंघोळीच्या ओल्या कोपऱ्यात नको. रेझर कुणाशीही वाटून वापरू नका, घरच्यांशीसुद्धा. रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून हिपॅटायटिस बी आणि सीसारखे आजार पसरू शकतात. सलूनमध्ये बसलात तर पातं तुमच्यासमोर नवं लावायला सांगा आणि आधीच बजावा: 'एकच हात, सरळ. उलटा मारू नका, कातडी ताणू नका.' कारागीर जरा नाराज होतो, कारण त्याची कसोटी गुळगुळीतपणावर लागते. होऊ द्या.

रोज करावी की दिवसाआड? काहींना रोज ट्रिमर फिरवल्याने फायदा होतो, केस वळून परत घुसण्याइतका वाढतच नाही. काहींच्या त्वचेला दोन दिवसांची उसंत लागते. एकच वेळापत्रक तीन आठवडे पाळून पाहा आणि मगच ठरवा. आणि सारखी दाढी केल्याने केस जाड होतील ही भीती काढून टाका. 1928 मध्ये अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी हे मोजून तपासलं होतं, फरक पडत नाही. कापलेल्या केसाचं टोक मूळच्यासारखं निमुळतं राहत नाही, म्हणून तो जाड वाटतो इतकंच.

इतकं करूनही एखादी आलीच तर

नख लावायचं नाही, पिळायचं नाही. केसाचा वळसा कातडीच्या वर कमानीसारखा स्पष्ट दिसत असेल तर रुमालाचा शेक द्या, स्पिरिटने पुसलेल्या सुईचं टोक त्या कमानीखाली घाला आणि अलगद उचला. केस सुटला की काम झालं. तो उपटण्याचा मोह होतो, चिमटा हातातच असतो. उपटू नका. नवा केस खोलातून उगवताना वाटेतच भिंत भेदतो आणि त्याच जागी नवी पुटकुळी येते. कमान दिसत नसेल तर खोदकाम अजिबात नको.

औषधांपैकी दोन टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड किंवा ग्लायकोलिक ॲसिडचं लोशन केसपुटाचं तोंड मोकळं ठेवतं. ते रात्री लावा, दाढीनंतर लगेच लावलं तर जाळ होईल. पू असणाऱ्या पुटकुळ्यांवर अडीच ते पाच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड चालतं, फक्त ते टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं हे लक्षात ठेवा. ही दोन्ही एकदम सुरू करू नका. एक घ्या, एक दिवसाआड लावा, त्वचा सोसते का ते पाहा.

एका टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन काही दिवस सूज उतरवतं. त्याहून तीव्र स्टिरॉइड किंवा 'सगळ्यावर एकच' अशी मिश्र मलमं दुसऱ्याच्या सांगण्यावरून चेहऱ्यावर लावू नका. पहिल्या आठवड्यात जादू वाटते, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि मलम थांबवलं की आधीपेक्षा जास्त उसळतं.

केस विरघळवणाऱ्या क्रीमने केसाचं टोक धारदार राहत नाही, त्यामुळे पुटकुळ्या कमी होतात. पण ही क्रीम तीव्र अल्कधर्मी असतात आणि जास्त वेळ ठेवली तर भाजतात. कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट पाहा, पाकिटावरच्या मिनिटांपलीकडे एक मिनिटही नको, आणि आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नाही.

हनुवटीवरचे राठ केस उपटणाऱ्या स्त्रियांनाही हाच त्रास होतो आणि वरची पद्धत त्यांनाही लागू पडते. असे केस अचानक वाढले असतील आणि सोबत पाळी अनियमित असेल तर मात्र आधी हॉर्मोन तपासून घ्या.

चार ते सहा आठवडे हे सगळं नेमाने करूनही फरक नसेल, ताप आला, लाली पसरली किंवा पुटकुळ्यांच्या जागी टणक, वाढत्या गाठी राहायला लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे लेझरचा पर्याय निघेल. लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला तापवून मुळावर घाव घालतो. तेच रंगद्रव्य त्वचेतही असतं, म्हणून सावळ्या-काळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो. तो त्वचेच्या वरच्या रंगाला कमी पकडतो. यंत्र कोणतं आहे हे पहिल्याच भेटीत विचारा, नाहीतर पुटकुळ्या जाऊन भाजल्याचे डाग मिळायचे. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. आणि तिथे गेलेले बरेचसे केस परत येत नाहीत, राहतात ते विरळ आणि बारीक. पुढे कधी दाढी राखायची इच्छा असेल तर गाल आणि हनुवटी सोडून फक्त गळ्याचीच रेषा आखून द्यायला सांगा.